पित्ताशय फुटलंय, हे रात्रीच्या कॅज्युअल्टीत कसं ओळखायचं?

प्रश्न थोडक्यात असा. मुंबईच्या उपनगरातल्या एका नर्सिंग होममध्ये रात्रपाळी करणाऱ्या डॉक्टरांकडे ६६ वर्षांच्या मधुमेही बाई दाखल होत्या. उजव्या बरगडीखाली दुखणं, ताप, सोनोग्राफीत खडे आणि पित्ताशयाला सूज. अँटिबायोटिक सुरू होतं. तिसऱ्या रात्री दुखणं एकदम थांबलं, घरच्यांच्या जिवात जीव आला. सकाळी पोट फुगलेलं, नाडी ११८, आणि सीटीत पित्ताशय फुटलेलं निघालं. डॉक्टर विचारतात: सोनोग्राफीत हे का दिसलं नाही? रात्रीच कळलं असतं का? आणि फुटण्याचे कोणते दुर्मिळ प्रकार डोक्यात ठेवायचे?

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण रुग्णाचा जीव त्याच्यावर अवलंबून असतो. हो, रात्रीच संशय घेता आला असता. दुखणं एकदम थांबणं हीच त्या रात्रीची सगळ्यात मोठी खूण होती. ताणलेलं पित्ताशय फुटलं की आतला दाब उतरतो आणि रुग्णाला काही तास खरोखर बरं वाटतं. सांडलेल्या पित्तात जंतू कमी असतील तर पेरिटोनियम, म्हणजे पोटाचं आतलं अस्तरही, सुरुवातीला फारसं चिडत नाही. पोट मऊ लागतं, रुग्ण बोलतो, चहा मागतो. पण नाडी खोटं बोलत नाही. औषधाने खरंच उतार पडला असेल तर दुखणं, ताप, नाडी आणि श्वास चारही बरोबर उतरतात. दुखणं उतरलं आणि नाडी ९० वरून ११० वर गेली, श्वास २२ च्या वर गेला, लघवी कमी झाली किंवा म्हातारं माणूस असंबद्ध बोलायला लागलं, तर पित्ताशय फुटलंय असं धरून चालायचं आणि ते तसं नाही हे सिद्ध होईपर्यंत झोपायचं नाही.

मधुमेही, स्टेरॉइडवर असलेले, डायलिसिसवरचे आणि सत्तरीपुढचे रुग्ण पोट कडक होण्याची वाट पाहायला लावतात आणि ते कडक होतच नाही. त्यांच्यात पोटापेक्षा चार्ट जास्त सांगतो. म्हणून दाखल पित्ताशयाच्या रुग्णाची नाडी, श्वास, बीपी आणि लघवी दर चार तासांनी लिहिलेली हवी, आणि वेदनाशामक कधी दिलं तेही वेळेसकट. नाहीतर दुखणं इंजेक्शनने थांबलं की आपोआप, हे सकाळी कुणालाच सांगता येत नाही.

फुटतं का, ते एकदा नीट समजलं की बाकीचं सगळं सोपं जातं. खडा पित्ताशयाच्या मानेत अडकतो, आत स्राव साठत राहतो, दाब वाढतो. आधी शिरा आणि लसिकावाहिन्या दबतात, भिंत सुजते. मग धमनीचा रक्तपुरवठाही अपुरा पडतो. पित्ताशयाला रक्त देणारी सिस्टिक धमनी मानेच्या बाजूने येते, त्यामुळे सगळ्यात लांबचं टोक, म्हणजे फंडस, आधी काळं पडतं आणि बहुधा तिथेच भोक पडतं. फंडसवर ओमेंटम, म्हणजे पोटातला चरबीचा पडदा, सहज बसत नाही, म्हणून तिथलं पित्त मोकळ्या पोटात सांडतं. मानेजवळ किंवा मधल्या भागात खड्याच्या दाबाने भोक पडलं तर शेजारचं ड्युओडेनम (लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग), मोठं आतडं किंवा ओमेंटम आधीच चिकटून बसलेलं असतं, आणि मग पू तिथेच कोंडतो किंवा आतड्यात वाट काढतो.

निमायर यांनी १९३४ साली याच तत्त्वावर तीन प्रकार केले आणि ते आजही वापरात आहेत. पहिला प्रकार: मोकळ्या पोटात फुटणं आणि सगळीकडे पेरिटोनायटिस, म्हणजे पोटाच्या अस्तराची सूज. दुसरा: पित्ताशयाभोवती कोंडलेला पू. तिसरा: जुनाट फिस्टुला, म्हणजे पित्ताशय आणि आतडं यांच्यात तयार झालेली वाट. पुढे काहींनी पित्ताशय आणि पित्तनलिका यांच्यातल्या फिस्टुलाचा चौथा प्रकार जोडला. वर्गीकरण पाठ करण्यासाठी नाही, निर्णयासाठी आहे. पहिल्याला त्याच रात्री ऑपरेशन लागतं, दुसऱ्यात नळी घालून वेळ मिळवता येतो, तिसऱ्यात घाई केली तर नुकसान होतं. तीव्र सुजेच्या रुग्णांपैकी साधारण २ ते ११ टक्क्यांत पित्ताशय फुटल्याचं वेगवेगळ्या मालिकांत नोंदलं गेलं आहे. म्हणजे ही घटना वाटते तितकी दुर्मिळ नाही. दुर्मिळ आहेत ते पुढे सांगितलेले काही प्रकार.

सोनोग्राफीत का दिसत नाही

भोक लहान असतं, बहुतेक वेळा काही मिलिमीटरचं, आणि ते फंडसच्या पुढच्या भिंतीत असतं. नेमकी तिथेच मोठ्या आतड्यातली हवा आड येते. पोट फुगलेलं असेल, रुग्ण दाबू देत नसेल, तर भिंतीचा तेवढा तुकडा दिसतच नाही. शिवाय रिपोर्टवर ‘खडे, भिंत जाड, भोवती थोडं पाणी’ एवढं लिहिलं की प्रश्न संपला असं सगळ्यांना वाटतं. ‘भोवती थोडं पाणी’ हे साध्या सुजेतही असतं आणि फुटलेल्या पित्ताशयातही असतं. तो शब्द दोन्हीकडे चालतो, म्हणून त्याच्यावर विसंबायचं नाही.

सोनोग्राफी करताना किंवा सोनोलॉजिस्टला विनंती करताना नेमकं विचारा. भिंतीची रेषा सलग आहे का, की कुठे तुटली आहे? सलग रेषेतली ही खाच, जिला ‘होल साइन’ म्हणतात, हीच एकमेव थेट खूण. रुग्णाला डाव्या कुशीवर वळवून आणि जमलं तर बसवून फंडस पुन्हा पाहा. बारीक रुग्णात लिनियर प्रोब लावला तर पुढची भिंत जास्त स्पष्ट दिसते. पित्ताशयाबाहेर खडा पडलाय का? आत पापुद्रे तरंगतायत का? ते पापुद्रे म्हणजे झडलेलं अस्तर, गँगरीनची खूण. मॉरिसन पाउच (यकृत आणि उजव्या किडनीमधली जागा), उजवी पॅराकोलिक गटर (मोठ्या आतड्याच्या बाहेरच्या कडेची खाच) आणि ओटीपोट या तिन्ही ठिकाणी पाणी किती आहे? आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित प्रश्न: परवा ताणलेलं पित्ताशय आज चपटं का झालंय? अँटिबायोटिकने मानेतला खडा सुटत नाही असं नाही, पण चपटं पित्ताशय आणि भोवती वाढलेलं पाणी हे एकत्र दिसलं तर ते रिकामं झालंय पोटात.

एक फसवी गोष्ट इथेच सांगतो. प्रोबने दाबल्यावर नेमकं पित्ताशयावर दुखणं, म्हणजे सोनोग्राफिक मर्फी साइन, गँगरीन झाल्यावर जाऊ शकते, कारण भिंतीतल्या नसाच मेलेल्या असतात. कालच्या रिपोर्टमध्ये मर्फी पॉझिटिव्ह आणि आजच्यात निगेटिव्ह असेल, तर त्याला सुधारणा म्हणू नका.

सीटी कसं मागायचं, कसं वाचायचं

रुग्णाचं चित्र आणि सोनोग्राफी जुळत नसेल तर कॉन्ट्रास्ट सीटी, त्याच रात्री. क्रिएटिनिन (किडनीची चाचणी) १.८ आलं म्हणून सीटी सकाळवर ढकलणं मला पटत नाही. फुटलेल्या पित्ताशयातला सेप्सिस किडनीला कॉन्ट्रास्टपेक्षा जास्त मारतो. सलाइन चालू ठेवा, मेटफॉर्मिन थांबवा, नातेवाइकांना धोका समजावून सही घ्या आणि करून टाका. मागणीपत्रावर ‘पोटदुखी’ असं लिहू नका. ‘पित्ताशय फुटल्याचा संशय, धमनी आणि पोर्टल दोन्ही फेज’ असं लिहा. पोर्टल फेज, म्हणजे इंजेक्शननंतर साधारण ७० सेकंदांनी घेतलेली चित्रं, भिंत आणि यकृत दाखवते. त्याआधीची धमनी फेज रक्तस्राव आणि स्यूडोॲन्युरिझम, म्हणजे धमनीच्या इजा झालेल्या भिंतीवरचा फुगा, दाखवते. आधी एक साधी, बिनकॉन्ट्रास्टची फेरीही घेतलेली चांगली, कारण पित्ताशयातलं ताजं रक्त त्यातच पांढरट दिसतं.

वाचताना फक्त आडवे छेद पाहू नका. फंडसचं भोक कोरोनल आणि सॅजिटल छेदांत जास्त सहज सापडतं, कारण तिथे भिंत समोरासमोर येते. भिंतीच्या कडेवरून बोट फिरवावं तशी नजर मानेपासून फंडसपर्यंत आणि परत न्या: जिथे भिंत उजळत नाही तिथे रक्त पोचत नाही, आणि जिथे रेषा तुटून बाहेरचं पाणी आतल्या पित्ताला मिळतं ते भोक. मग विंडो बदलून फुप्फुसाच्या विंडोवर या आणि हवेचे बुडबुडे शोधा. भिंतीत किंवा पोकळीत हवा असेल तर एम्फिसिमॅटस कोलेसिस्टायटिस, म्हणजे वायू करणाऱ्या जंतूंमुळे पित्ताशयाला येणारी सूज. हा मधुमेही पुरुषांत जास्त आढळतो, क्लॉस्ट्रिडियम, ई. कोलाय, क्लेबसिएला यांच्यामुळे होतो, आणि त्यात फुटण्याचा धोका खूप वाढतो. सोनोग्राफीवर हीच हवा आतड्यातल्या हवेसारखी दिसते आणि ‘पित्ताशय नीट दिसत नाही’ असा रिपोर्ट येतो. मधुमेही तापाच्या रुग्णात असा रिपोर्ट आला तर पुढची तपासणी सीटी.

कोलेस्टेरॉलचे अनेक खडे सीटीवर पित्ताच्याच रंगाचे असतात आणि दिसत नाहीत. म्हणून ‘सीटीत खडे नाहीत’ याचा अर्थ खडे नाहीत असा होत नाही. खड्यांसाठी सोनोग्राफी, भिंतीसाठी आणि भोवतालासाठी सीटी. साध्या एक्स-रेची तर अडचण वेगळीच आहे. पित्ताशय फुटल्यावर डायफ्रामखाली हवा सहसा दिसत नाही, कारण पित्ताशयात हवा नसतेच. उभ्या एक्स-रेत हवा नाही म्हणून पोटात काही फुटलेलं नाही, हा निष्कर्ष अल्सरसाठीही नेहमी खरा नसतो, इथे तर अजिबात चालत नाही.

सीटीची सोय नसेल किंवा चित्र अर्धवट असेल तर सोनोग्राफीच्या मार्गदर्शनाखाली बारीक सुईने पोटातलं पाणी काढा. हिरवट-पिवळं आलं तरी डोळ्यांवर विसंबू नका, बिलिरुबिन करायला पाठवा. पाण्यातलं बिलिरुबिन रक्तातल्यापेक्षा जास्त आणि ६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर असेल तर पित्त गळतंय. त्याच नमुन्यातून अमायलेज, पेशी, ग्रॅम स्टेन आणि कल्चर. रक्तातलं बिलिरुबिनही हळूच वाढतं, कारण पोटात साठलेलं पित्त पेरिटोनियम शोषून घेतो. पित्तनलिका फुगलेली नाही आणि तरी कावीळ चढतेय, हा विसंवाद दिसला की पोटात पित्त आहे का, हे शोधा.

जे सहसा डोक्यात येत नाही

पित्ताशय मोकळ्या पोटात न फुटता यकृतात फुटतं तेव्हा मुंबईत विशेष घोटाळा होतो. आपल्याकडे अमिबिक लिव्हर ॲब्सेसचे, म्हणजे अमिबामुळे यकृतात पू झालेले, रुग्ण भरपूर, त्यातले बरेच दारू पिणारे तरुण पुरुष, आणि कोणत्याही सर्जिकल वॉर्डात त्यांचा उपचार हातखंडा झालेला: मेट्रोनिडॅझोल, गरज पडली तर पू काढणं. म्हणून यकृतात पोकळी दिसली की हात आपोआप त्याच कागदाकडे जातो. पण पोकळी पित्ताशयाला लागून, यकृताच्या चौथ्या-पाचव्या सेगमेंटमध्ये (भागात) असेल, पित्ताशयात खडे असतील आणि मधली भिंत पुसट झाली असेल, तर ती पित्ताशयातून आलेली आहे. पोकळीत खडा दिसला तर वादच संपला. पू काढून रुग्ण घरी जातो आणि काही आठवड्यांनी पुन्हा ताप घेऊन येतो, कारण मूळ जागच्या जागी असतं. पहिल्यांदा काढलेल्या पुवात पित्त आहे का आणि त्याचं कल्चर काय येतं, एवढं पाहिलं तरी हा फेरा टळतो.

रक्तस्राव. सुजेमुळे सिस्टिक धमनीची भिंत झिजून स्यूडोॲन्युरिझम तयार होतो आणि तो पित्ताशयात किंवा पोटात फुटतो. पोटदुखी, कावीळ आणि काळी शी किंवा रक्ताची उलटी हे त्रिकूट क्विंके यांच्या नावाने ओळखलं जातं, पण तिन्ही गोष्टी एकाच वेळी मिळतील अशी अपेक्षा ठेवू नका. वॉरफरिन, अपिक्साबानसारख्या गोळ्या घेणाऱ्या हृदयरुग्णात पित्ताशय रक्ताने भरून फुटू शकतं आणि चित्र सेप्सिसचं नसून रक्त कमी होण्याचं दिसतं: हिमोग्लोबिन घसरतंय, ताप नाही, पोट फुगतंय. धमनी फेजमध्ये पित्ताशयाच्या आत किंवा मानेजवळ धमनीइतका उजळ गोल ठिपका दिसला तर तिथे कुणालाही सुई घालू देऊ नका. पित्ताशयात नळी टाकण्यापूर्वी रक्ताचा प्रवाह दाखवणारा कलर डॉपलर फिरवण्याची सवय याचसाठी हवी. अशा रुग्णाला इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजी असलेल्या ठिकाणीच पाठवा; धमनीत कॉइल (तारेचं वेटोळं) टाकून रक्तस्राव थांबवल्यावर ऑपरेशन बरंच सुरक्षित होतं.

फिस्टुलातून मोठा खडा आतड्यात उतरून अडकला तर गॉलस्टोन इलियस, म्हणजे खड्याने आतडं बंद होणं. म्हातारं माणूस, बहुतेक वेळा बाई, दोन-तीन दिवस उलट्या, मध्येच बरं, पुन्हा उलट्या. हा चढउतार खडा अडकत-सुटत पुढे सरकतो त्याचा असतो. अडीच सेंटिमीटरपेक्षा मोठा खडा बहुधा आयलियमच्या, म्हणजे लहान आतड्याच्या, शेवटच्या अरुंद भागात कायमचा अडकतो. पित्तनलिकांत हवा, लहान आतडं फुगलेलं आणि नको त्या जागी खडा, हे रिगलर यांनी १९४१ मध्ये सांगितलेलं त्रिकूट साध्या एक्स-रेवर क्वचितच पूर्ण दिसतं, सीटीवर मात्र बऱ्याचदा दिसतं. यकृतातली हवा मध्यभागी असेल तर ती पित्तनलिकांतली. कडेपर्यंत, कॅप्सूलच्या जवळ पसरलेली असेल तर पोर्टल व्हेनमधली, आणि तिचा अर्थ फार वेगळा व गंभीर. आधी ईआरसीपी (दुर्बिणीतून पित्तनलिकेची तपासणी किंवा उपचार) झालंय का हेही विचारा, त्यानंतरही पित्तनलिकांत हवा राहते. ऑपरेशनमध्ये खड्याच्या थोडं वर, निरोगी आतड्यावर उभा छेद घेऊन खडा काढायचा आणि आडवं शिवायचं. सुजलेल्या जागेवर छेद घ्यायचा नाही. खड्याला सपाट पैलू असतील तर त्याचा जोडीदार कुठेतरी आहे, सगळं आतडं हाताने चाचपल्याशिवाय पोट बंद करू नका. फिस्टुला त्याच वेळी दुरुस्त करण्याचा मोह थकलेल्या म्हाताऱ्या रुग्णात टाळलेलाच बरा. तोच खडा ड्युओडेनममध्ये अडकून जठराचा मार्ग बंद करतो तेव्हा त्याला बूव्हरे सिंड्रोम म्हणतात.

बाकीचे भराभर. मोठ्या आतड्याला वाट निघाली तर पोट दुखण्याऐवजी महिनोन्महिने जुलाब होतात. पू पोटाच्या भिंतीतून बाहेर आला तर उजव्या बरगडीखाली किंवा बेंबीजवळ गळू दिसतं, आणि सोनोग्राफी न करता चीर दिली की खडे बाहेर येऊन डॉक्टर आणि रुग्ण दोघेही चकित होतात. डायफ्राममधून वर गेलं तर खोकल्यातून कडू, पिवळट कफ येतो. बारीक अंगाच्या म्हाताऱ्या बाईत लोंबतं पित्ताशय स्वतःभोवती पिळलं जातं. खडे असतीलच असं नाही, अँटिबायोटिकचा उपयोग शून्य, ऑपरेशन लगेच. बाइकवरून पडलेल्या किंवा लोकलच्या गर्दीत पोटावर जोराचा मार बसलेल्या माणसात, विशेषतः उपाशी पोटी भरलेलं पित्ताशय असताना, ते फुटू शकतं, आणि निर्जंतुक पित्त पोटात साठत असल्यामुळे त्रास दोन-तीन दिवसांनी उघड होतो.

आयसीयूतल्या रुग्णाबद्दल वेगळं लिहितो, कारण तो बोलत नाही. मोठं भाजणं, मोठा अपघात, व्हेंटिलेटर, बरेच दिवस शिरेतून पोषण: यात खड्यांशिवाय पित्ताशय सुजतं आणि खड्यांच्या सुजेपेक्षा लवकर गँगरीनकडे जातं. कारण न सापडणारा ताप आणि वाढणारं बिलिरुबिन दिसलं की पलंगाजवळ सोनोग्राफी करा, आणि पहिली नॉर्मल आली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करा.

पावसाळ्यातली उलटी चूक

जून ते ऑक्टोबर मुंबईत पित्ताशयाची जाड भिंत दाखवणारे रिपोर्ट ढिगाने येतात, आणि त्यातले बरेच डेंग्यूचे असतात. प्लाझ्मा रक्तवाहिन्यांतून झिरपतो, भिंत थराथरांची जाड दिसते, भोवती पाणी, पोटात पाणी, उजव्या फुप्फुसाखाली पाणी. खडे नाहीत, पित्ताशय ताणलेलं नाही, प्लेटलेट घसरलेल्या, हिमॅटोक्रिट (रक्ताचा दाटपणा) चढलेलं. हा रुग्ण ऑपरेशन टेबलावर नेला तर रक्तस्रावाने जाऊ शकतो. त्याला सुईही विनाकारण लावू नका. द्रव मोजून द्या, भिंत काही दिवसांत आपोआप पूर्ववत होते. गुडघाभर पाण्यातून चालत आलेल्या माणसाला कावीळ, पोटऱ्या ठणकणं आणि वाढलेलं क्रिएटिनिन असेल तर लेप्टोस्पायरोसिस आधी. टायफॉइडमध्ये मात्र सावध: लहान मुलांत, आजार लांबल्यावर, खडे नसलेलं पित्ताशय खरोखर फुटू शकतं. तापाच्या मुलाचं पोट अचानक फुगलं तर फक्त आतडं फुटल्याचा विचार करून थांबू नका.

आणि प्रत्येक ‘गॅस’च्या रुग्णाचा ईसीजी, अगदी मेडिकलवाल्याकडून पँटोप्राझोल घेऊन आलेल्याचाही. हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका वरच्या पोटात दुखून येतो. उलट पित्ताशयाच्या सुजेतही ईसीजीत बदल दिसू शकतात, म्हणून ट्रोपोनिनही (हृदयाच्या झटक्याची रक्तचाचणी) पाठवा. उजव्या खालच्या कुशीत दुखणारा रुग्णही फसवतो: पित्त पॅराकोलिक गटरमधून खाली ओघळतं आणि अपेंडिक्सचं चित्र उभं करतं.

रात्रीचा पहिला तास

दोन जाड कॅन्युला, १६ किंवा १८ गेजच्या. रक्त: सीबीसी, क्रिएटिनिन, लिव्हर फंक्शन, लायपेज, आयएनआर, साखर, लॅक्टेट, ब्लड ग्रुप आणि क्रॉसमॅच. कल्चरच्या दोन जोड्या अँटिबायोटिकआधी, पण कल्चरसाठी अँटिबायोटिक अडवायचं नाही. शॉकमध्ये पहिला डोस तासाच्या आत गेला पाहिजे. शॉक नसेल तर पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम ४.५ ग्रॅम शिरेतून. शॉक असेल किंवा नुकताच दवाखान्यात राहून गेलेला रुग्ण असेल तर मेरोपेनेम १ ग्रॅम, कारण आपल्याकडे ईएसबीएल जंतूंचं, म्हणजे बऱ्याच अँटिबायोटिकना दाद न देणाऱ्या जंतूंचं, प्रमाण मोठं आहे. ॲलर्जी विचारल्याशिवाय यातलं काहीच नाही. रिंगर लॅक्टेट, शॉक असेल तर पहिल्या तीन तासांत किलोमागे ३० मिलिपर्यंत. हृदय कमजोर असेल तर २५० मिलिचे टप्पे आणि दर टप्प्यानंतर छाती ऐका. सरासरी बीपी ६५ च्या वर राहत नसेल तर नॉरॲड्रिनलिन चांगल्या परिघीय शिरेतूनही सुरू करता येतं, सेंट्रल लाइनची वाट पाहू नका. लघवीची नळी, तासाला किलोमागे अर्धा मिलि हे उद्दिष्ट. उलट्या असतील तर रायल्स ट्यूब. वेदनाशामक द्या, पोट तपासून नोंद झाल्यावर पॅरासिटामॉल आणि ट्रॅमाडॉल दिल्याने निदान झाकलं जात नाही.

टोकियोच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पांढऱ्या पेशी १८,००० च्या वर, ७२ तासांपेक्षा जुनं दुखणं किंवा हाताला लागणारी दुखरी गाठ असेल तर ती मध्यम तीव्रता. नॉरॲड्रिनलिन लागणं, शुद्ध कमी होणं, क्रिएटिनिन २ च्या वर, आयएनआर १.५ च्या वर, प्लेटलेट एक लाखाखाली, किंवा ऑक्सिजन घसरणं, यातलं एकही असेल तर तीव्र. तुमच्याकडे आयसीयू आणि रात्रीचा सर्जन नसेल तर तीव्र गटातला रुग्ण सकाळपर्यंत ठेवू नका. आधी फोन करून बेड आणि ऑन-कॉल सर्जन नक्की करा, मगच ॲम्ब्युलन्स हलवा. १०८ ला कळवतानाच व्हेंटिलेटरची गरज सांगा. केईएम, सायन, नायर, कूपर इथे कॅज्युअल्टी रात्रभर चालू असते. चिठ्ठीत वेळा लिहा: दुखणं कधी सुरू झालं, कधी थांबलं, अँटिबायोटिकचा डोस कधी, शेवटचं जेवण कधी, रक्त पातळ करणारी गोळी शेवटची कधी. सीटीची सीडी किंवा लिंक बरोबर द्या. फिल्मवरच्या टिकलीएवढ्या चौकटींत फंडसचं भोक दिसत नाही.

मोकळ्या पोटात फुटलेल्यावर उपाय ऑपरेशनच. नळी टाकून पित्ताशय रिकामं होतं, पोटातलं पित्त नाही. दुर्बिणीतून की पोट उघडून, हे रुग्णाच्या बीपीवर आणि सर्जनच्या हातावर ठरतं. कोमट सलाइनने पोट चारही कोपऱ्यांत धुवायचं, मॉरिसन पाउच आणि ओटीपोटात सांडलेला प्रत्येक खडा वेचायचा. राहिलेला खडा महिन्यांनी, कधी वर्षांनी पू करून कमरेतून बाहेर पडतो. मानेजवळची रचना ओळखू येत नसेल तर हट्ट सोडून सबटोटल काढणं, म्हणजे पित्ताशयाचा थोडा भाग मागे ठेवणं, शहाणपणाचं, कारण मुख्य पित्तनलिका कापली गेली तर रुग्ण आयुष्यभर भोगतो. कोंडलेला पू असलेल्या, भूल न पेलणाऱ्या रुग्णात यकृतातून घातलेली ८ ते १० फ्रेंचची पिगटेल नळी जीव वाचवते. ती काही आठवडे राहते, आणि काढण्याआधी तिच्यातून डाय टाकून वाट मोकळी आहे का ते पाहावं लागतं. ४८ तासांत ताप आणि लॅक्टेट उतरले नाहीत तर नळी हललीय का किंवा दुसरी पोकळी राहिलीय का, ते पुन्हा सीटीवर बघा. अँटिबायोटिक बदलत बसू नका.

काढलेलं पित्ताशय नेहमी बायोप्सीला. फुटलेल्या, जाडजूड पित्ताशयात कर्करोग लपलेला असू शकतो, आणि झँथोग्रॅन्युलोमॅटस नावाची जुनाट सूज हुबेहूब कर्करोगासारखी दिसते. दोन्ही एकत्रही असतात. गंगेच्या खोऱ्यात, उत्तर प्रदेश-बिहारच्या पट्ट्यात पित्ताशयाचा कर्करोग जास्त आढळतो आणि मुंबईत तिथून आलेली कुटुंबं पुष्कळ आहेत, म्हणून गाव विचारून ठेवा. भिंत एकाच जागी जाड असेल किंवा गाठी दिसत असतील तर हे ऑपरेशनआधीच सर्जनच्या कानावर घाला. डिस्चार्जच्या कागदावर बायोप्सीचा नंबर आणि रिपोर्ट कुठून, कोणत्या तारखेला मिळेल ते ठळक लिहा, आणि तो आणायला घरातलं कोण येणार त्याचा मोबाइल नंबर केसपेपरवर घेऊन ठेवा. टाके काढायला आलेला रुग्ण रिपोर्ट न घेताच गावी निघून जातो.